साष्टीचे फादर स्टीफन्स

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांची चरित्रे यावीत, हा प्रघात योग्यच आहे. यंदा त्या प्रघातास किंचित मुरड घालून आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते आमच्या ज्ञातीचे नव्हते, आमच्या धर्माचे नव्हते आणि आमच्या देशाचेही नव्हते. इतकेच नव्हे, तर ज्या राजसत्तेमुळे व धर्मसत्तेमुळे आमच्या पूर्वजांस साष्टीतील घरेदारे सोडावी लागली, त्याच धर्मसत्तेचे ते निष्ठावंत सेवक होते. तरीही गौड सारस्वतांच्या स्मरणिकेत फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण व्हावे असे आम्हांस वाटते. ते का, याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे; म्हणून प्रथम चरित्राकडे वळू.

फादर स्टीफन्स साष्टीत आले तेव्हा तेथील परिस्थिती काय होती, हे आरंभी ध्यानी घेतले पाहिजे. गोवा शहर व तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती १५१० साली गेली, आणि साष्टी व बार्देश हे महाल १५४३ साली कायमचे त्यांच्या ताब्यात आले. धर्मप्रसारासाठी बार्देश फ्रान्सिस्कन पंथीयांकडे व साष्टी जेज्वीट पंथीयांकडे सोपविण्यात आली. १५६० साली गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश जुवारीपलीकडे प्रियोळास गेला. पुढे केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास व लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास गेला. अंत्रूज महाल तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणून तेथे देवांस आसरा मिळाला. १५६७ साली साष्टीतील दोनशेंहून अधिक देवळे पाडण्यात आली. देवांमागोमाग माणसे निघाली. कोणी अंत्रुजात राहिले, कोणी दक्षिणेस कारवार, मंगळूर व कोचीनपर्यंत गेले, कोणी उत्तरेस कोकणात शिरले. जे निघाले नाहीत त्यांपैकी पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला आणि आपली शेते, माडबागा व गांवकीचे हक्क राखले. एकाच घरातील एक भाऊ नदीपलीकडे गेला आणि दुसरा नदीअलीकडे राहिला, असेही अनेक ठिकाणी घडले. या फाटाफुटीनंतर सुमारे बारा वर्षांनी फादर स्टीफन्स गोव्याच्या किनाऱ्यास लागले.

त्यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशर परगण्यात बुश्टन नावाच्या खेड्यात १५४९ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. इंग्लंडात तेव्हा राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि प्रॉटेस्टंट पंथ हाच राजधर्म होता. रोमन कॅथलिक पंथ पाळणाऱ्यास दंड, तुरुंग व प्रसंगी फास यांस तोंड द्यावे लागे. तरुण स्टीफन्स कॅथलिक श्रद्धेचे होते. थॉमस पाउंड नावाचे त्यांचे एक श्रीमंत मित्र होते. त्यांचे नोकर असल्याचे सोंग घेऊन स्टीफन्स काही काळ त्यांच्यासह देशात हिंडले. दोघांनी मिळून रोमला जावे आणि जेज्वीट संघात प्रवेश करावा, असा त्यांचा बेत होता. निघण्याच्या आधीच पाउंड पकडले गेले आणि पुढील सुमारे तीस वर्षे त्यांची कारावासात गेली. स्टीफन्स एकटेच निसटले आणि ऑक्टोबर १५७५ मध्ये रोम येथे जेज्वीट संघात दाखल झाले. त्यांनी मायभूमी पुन्हा कधीही पाहिली नाही. धर्मासाठी घरदार सोडणे म्हणजे काय, हे साष्टी सोडून गेलेल्या आमच्या पूर्वजांस जसे ठाऊक होते तसेच ते साष्टीत आलेल्या या परक्या माणसासही ठाऊक होते, ही गोष्ट वाचकांनी मनाशी बाळगावी.

रोममध्ये तत्त्वज्ञानाचे अध्ययन केल्यावर त्यांनी हिंदुस्थानात जाण्याची अनुज्ञा मिळविली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा तांडा निघाला, त्यात ते होते. तो प्रवास साडेसहा महिन्यांचा झाला. विषुववृत्तापाशी वारा पडून जहाजे खोळंबली, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी प्रचंड लाटांशी झुंजावे लागले, आणि पुढे वाट चुकून जहाज सोकोत्रा बेटाकडे भरकटले. हिरड्या सुजण्याचा रोग पसरून दीडशेहून अधिक माणसे आजारी झाली व सत्तावीस दगावली. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाज गोव्यास पोचले. हा सारा वृत्तांत त्यांनी थोड्याच दिवसांत वडिलांस कळविला. ते पत्र पुढे हॅक्लुट यांच्या प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले आणि इंग्लंडातील व्यापाऱ्यांचे लक्ष हिंदुस्थानच्या वाटेकडे लागण्यास काही अंशी कारण झाले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज ते हेच. ते येथे आले ते मात्र व्यापारासाठी नव्हे आणि राज्यासाठीही नव्हे.

१५८० साली त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि लवकरच त्यांची नेमणूक साष्टीत झाली. अधूनमधून गोवा शहरात पार पाडलेल्या जबाबदाऱ्या सोडल्या, तर पुढील सुमारे चाळीस वर्षे साष्टीची खेडी हेच त्यांचे जग होते. जेज्वीटांचे विद्यालय मडगावास व पुढे रायतूरच्या किल्ल्यात होते. त्याच्या प्रमुखपदाचा भारही त्यांनी वाहिला. खेड्यातील पाद्रीचे काम दिसते तितके सोपे नव्हते. गांवकरांचे तंटे, पावसाळ्यातील आजारपणे, मुलांस धर्मपाठ देणे, मरणासन्न माणसापाशी जाऊन बसणे, हे सारे त्यात येई. आणि हे सारे लोकांच्या भाषेतच करावे लागे. पुष्कळ परदेशी पाद्री दुभाष्यावर विसंबत. स्टीफन्स यांनी तसे केले नाही. घरात व बाजारात बोलली जाणारी कोंकणी त्यांनी आत्मसात केली आणि पुराणकीर्तनात चालणारी मराठीही ते शिकले.

साष्टीत येऊन चार वर्षेही झाली नव्हती तोच त्यांच्यापुढे एक भयंकर प्रसंग उभा राहिला. कुंकळ्ळी व आसपासच्या गावांनी पोर्तुगीजांचा कर नाकारला होता आणि आपल्या देवतांवरील हल्ल्यांस विरोध चालविला होता. सैनिकांनी त्या भागात जाऊन देवळे उद्ध्वस्त केली, आणि काही पाद्रीही त्या मोहिमांबरोबर होते. जुलै १५८३ मध्ये रुदोल्फ आक्वाविवा व आणखी चार जेज्वीट आपल्या सोबत्यांसह चर्चसाठी जागा पाहण्यास कुंकळ्ळीस गेले असता गावकऱ्यांनी त्यांस ठार केले. आक्वाविवा हे अकबर बादशहाच्या दरबारी धर्मचर्चेसाठी राहून नुकतेच परतले होते. विहिरीत टाकलेली ती प्रेते मिळवून त्यांचे दफन करण्याचे कर्तव्य स्टीफन्स यांच्याकडे आले. आपल्या सहकाऱ्यांची छिन्नभिन्न शरीरे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांनी पॅरिस येथील आपल्या भावास या घटनेची हकीकत लिहून कळविली.

या घटनेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस उचित वाटत नाही. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकरांस बोलणी करण्याच्या मिषाने आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि विश्वासघाताने त्यांची कत्तल केली. सोळांपैकी एकच नदीत उडी टाकून वाचला, असे सांगतात. मारल्या गेलेल्या पाद्रींस चर्चने पुढे १८९३ साली धन्य ठरविले. मारल्या गेलेल्या गांवकरांची नावे दीर्घकाळ कोणी उच्चारली नाहीत. न्यायाच्या तराजूत दोन्ही पारडी ठेवावी लागतात.

भावास लिहिलेल्या त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यावरून या पुरुषाच्या मनाची घडण कळते. सहकाऱ्यांच्या हत्येची वार्ता ज्या पत्रात आहे, त्याच पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांच्या रचनेशी जुळते, असे आपले निरीक्षण नोंदविले. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्यासंबंधी आपले विख्यात मत मांडले ते १७८६ साली. म्हणजे स्टीफन्स यांच्यानंतर दोनशे वर्षांनी. ज्या लोकांच्या हातून आपले सोबती मारले गेले, त्यांच्याच भाषेचे सौंदर्य त्यांस दिसत होते. क्रोधाने माणूस आंधळा होतो. हा मनुष्य झाला नाही.

त्याच साली राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. ते प्रॉटेस्टंट राष्ट्राचे होते, आणि पोर्तुगीजांस त्यांचा हेर म्हणून संशय होता. स्टीफन्स यांच्याच पंथाच्या एडमंड कॅम्पियन नावाच्या जेज्वीटास लंडनमध्ये दोनच वर्षांपूर्वी देहान्त शिक्षा झाली होती. असे असताही स्टीफन्स यांनी त्या देशबांधवांसाठी खटपट केली आणि जामिनावर त्यांची सुटका होण्यास साहाय्य केले. पुढे फिच निसटून स्वदेशी परतले. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्थापनेमागे जी माहिती उपयोगी पडली, तीत त्यांच्या प्रवासवृत्तांताचाही भाग होता.

आता त्यांच्या जीवितकार्याकडे येऊ. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांची एक व्यथा होती. पूर्वी सायंकाळी देवळात वा घराच्या ओसरीवर रामकथा, कृष्णकथा चाले. ओव्यांच्या लयीत सारे घर बसे. धर्म बदलला तशी ती पोथी गेली, आणि तिच्या जागी काहीच आले नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या एका ब्राह्मणाने, जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही, असे पाद्रीस विचारल्याचा प्रसंग स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच योजिला आहे. तो प्रश्न आमच्याच कोणा भाऊबंदाने विचारला असेल, असे वाचताना वाटल्यावाचून राहत नाही. रायतूरच्या पाद्रींनी रामायण-महाभारतातील कथा लोकांकडून ऐकून रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या असे मानतात. तसली हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथे आहेत. शत्रूची म्हणून टाकलेली कथा अभ्यासासाठी तरी जपली गेली, हा दैवाचा विलक्षण खेळच म्हणावयाचा.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ख्रिस्तपुराण जन्मास आले. १६१४ साली ते पुरे झाले व १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मूळ नाव पोर्तुगीज होते. पुराण हे नाव ग्रंथास मागाहून चिकटले व तेच टिकले. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे व दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे. एकंदर ओव्या सुमारे अकरा हजार आहेत. इंग्लंडात जन्मलेल्या, पोर्तुगीजांत वावरणाऱ्या आणि लॅटिनमध्ये प्रार्थना करणाऱ्या मनुष्याने पासष्टीच्या उंबरठ्यावर अकरा हजार मराठी ओव्या रचून पुऱ्या कराव्या, ही सामान्य गोष्ट नव्हे. ओवी त्यांनी आमच्या संतांकडून घेतली. पैठणचे एकनाथ महाराज १५९९ साली समाधिस्थ झाले. म्हणजे स्टीफन्स साष्टीत भाषा शिकत होते तेव्हा नाथ हयात होते. बेथलेहेमच्या गोठ्याचे वर्णन ऐकताना साष्टीतील शेतकऱ्यास आपलाच गोठा दिसावा, स्वर्गाचे नाव घेताना वैकुंठ हा ओळखीचा शब्द कानी पडावा, अशी त्यांची योजना होती. ग्रंथारंभी त्यांनी मराठी भाषेची जी स्तुती केली आहे ती सुविख्यात आहे. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी व वृक्ष यांतील जे जे उत्तम ते ते त्यांनी आमच्या भाषेच्या उपमेस आणले आहे. स्तुतीबरोबर त्या ग्रंथात आमच्या देवदेवतांसंबंधी कठोर उद्गारही आहेत. ते वाचून क्लेश होतात. एकाच लेखणीतून दोन्ही उतरले आहे, आणि दोन्ही खरे मानूनच त्यांचे चरित्र लिहिले पाहिजे.

हा ग्रंथ नागरी लिपीत छापावा अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोममधील आपल्या संघप्रमुखांस तसे लिहिले. युरोपात चोवीस अक्षरांचे खिळे पुरतात, तर येथील जोडाक्षरे व काने-मात्रांसह सुमारे सहाशे खिळे ओतावे लागतील, ही अडचण त्यांनी स्वतःच मांडली आणि तरीही वरिष्ठांनी मनावर घ्यावे अशी विनंती केली. ती इच्छा पुरी झाली नाही. पुराण रोमन लिपीतच छापले गेले. त्यामुळे मराठीतील एक थोर काव्य दीर्घकाळ मराठी वाचकांच्या दृष्टीआड राहिले.

१६१९ साली, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी, फादर स्टीफन्स निवर्तले. त्यांची आणखी दोन पुस्तके त्यांच्या पश्चात रायतूर येथे निघाली. १६२२ सालची दौत्रीना क्रिस्तां ही मुलांस धर्म शिकविण्यासाठी संवादरूपाने लिहिलेली पोथी कोंकणीतील पहिले छापील पुस्तक मानली जाते, आणि तिच्या मुखपृष्ठावर त्या भाषेस ब्राह्मणांची कानारी असे म्हटले आहे. १६४० साली त्यांचे कोंकणी व्याकरण दिएगो रिबैरो यांनी घातलेल्या भरीसह प्रसिद्ध झाले. ते देशी भाषेचे पहिले छापील व्याकरण असल्याचे सांगतात. आमच्या मातृभाषेचे नियम प्रथम छापील ग्रंथात बांधले ते एका परदेशी माणसाने, ही गोष्ट आम्हांस भूषणावह तशीच अंतर्मुख करणारीही आहे.

पुढचा काळ मात्र त्या भाषेस अनुकूल राहिला नाही. ख्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ साली निघाल्या. पुढे राज्यकर्त्यांचे धोरण फिरले. १६८४ साली व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. पाद्रींनीही देशी भाषा शिकण्याचा आळस केला. ज्या साष्टीत फादर स्टीफन्स ओव्या रचीत बसले, तेथेच त्यांची भाषा अपराध ठरली. तिन्ही आवृत्त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांत. आणि ही हस्तलिखिते जपली ती गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी. आमचे पूर्वज देव डोक्यावर घेऊन ज्या वाटेने दक्षिणेस गेले, त्याच वाटेने ती कुटुंबे ओव्यांची पोथी घेऊन गेली. मंगळुरास १९०७ साली जोसेफ साल्दाना यांनी त्या हस्तलिखितांवरून रोमन लिपीत ग्रंथ छापला. नंतर महाराष्ट्रात दीर्घकाळ सेवा केलेले अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांस लंडन येथील मार्सडेन संग्रहात नागरी लिपीतील एक प्रत सापडली. १९५६ साली पुणे येथे शांताराम बंडेलू यांनी नागरी आवृत्ती काढली, आणि फादर स्टीफन्स यांची १६०८ सालची इच्छा साडेतीनशे वर्षांनी पुरी झाली. त्यानंतरही कारिदाद द्रागो, नेल्सन फाल्कांव यांसारख्या अभ्यासकांनी त्या ग्रंथावर परिश्रम घेतले आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. या पुरुषाचे स्मरण आम्ही कोणत्या भावनेने करावे? ज्या सत्तेने आमची देवळे पाडली तिच्या छायेत ते राहिले, हे आम्ही विसरू नये. विसरल्यास पूर्वजांशी अप्रामाणिकपणा होईल. पण ज्या भाषेत आमच्या आजीने आम्हांस जोजविले, त्या भाषेपुढे हा विद्वान मनुष्य शिष्य होऊन बसला, हेही विसरू नये; विसरल्यास सत्याशी अप्रामाणिकपणा होईल. ऋण मान्य करणे म्हणजे अन्याय माफ करणे नव्हे. जी ज्ञाती आपल्यावरील अन्यायाचीच तेवढी यादी ठेवते आणि उपकाराची ठेवीत नाही, तिचा हिशेब अपुरा राहतो.

आणि या ऋणाचा एक भाग आम्हांस जिवंत माणसांशी फेडता येण्याजोगा आहे. ज्या कुंकळ्ळीत १५८३ साली रक्त सांडले, तेथील शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्यास गेली. दरवर्षी शिमग्याच्या दिवसांत तिच्या छत्र्यांचा उत्सव होतो. त्या वेळी बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात आणि त्यांच्या मिरवणुकीत हिंदू गांवकरांबरोबर ख्रिस्ती गांवकरही चालतात. नदीपलीकडे गेलेला भाऊ व अलीकडे राहिलेला भाऊ तेथे एका छत्रीखाली येतात. आमच्या ज्ञातिबांधवांपैकी जे कुलदेवतेच्या दर्शनासाठी अंत्रुजात जातात, त्यांनी एकदा नदी ओलांडून रायतूरची टेकडीही चढावी, अशी आमची नम्र सूचना आहे. तेथील जुन्या धर्मपीठात आजही विद्यार्थी शिकतात. ज्या गावात आमच्या भाषेचे पहिले व्याकरण छापले गेले ते गाव परक्याचे नाही. आणि त्या गावातील माणसेही परकी नाहीत.